किती पायऱ्या

आधी मी डासांच्या अळ्या शोधायचे.
कासेवाडी, मंगळवार पेठ, नाना पेठेतले चौक,
हातात बॅटरी, खांद्याला झोळी,
पिंपात डोकवायचं, कुंडीखालची बशी उचलायची,
दारावर खडूनं तारीख टाकायची.
साहेब सांगायचे, डास मारत बसू नका,
पाणी कुठं साठतंय ते बघा.

मग गुडघे गेले
आणि मला अपघात विभागाच्या खिडकीत बसवलं.
इथं जाड वही. नाव, वय, पत्ता,
कोणी आणलं, कशानं लागलं.
शेवटच्या रकान्यात कोड.
हे कोड जगभर एकच आहेत म्हणतात,
बोगोट्यात, डर्बनमध्ये, आपल्या पुण्यात.
धारदार वस्तूनं हल्ला: एक्स नव्व्याण्णव.
हातानं, लाथेनं: वाय शून्य चार.
जिन्यावरून पडणं: डब्ल्यू दहा.
महिनाअखेर तक्ता वर जातो,
वरून आणखी वर, आणि शेवटी कुठंतरी
बर्फाच्या गावात एका लांब टेबलावर
आमची बेरीज कॉफीशेजारी उघडी पडते.
हा रोगच आहे, असं तिथं ठरलंय म्हणे.
इथं अजून घरचा मामला.

डब्ल्यू दहा इतके, की वाटावं
हे शहर उभ्या चढणीवरच बांधलंय.
कर्वेनगरची, लिफ्टच्या इमारतीतली,
पर्स मांडीवर घट्ट धरून: जिन्यावरून.
दांडेकर पुलाजवळची, पत्र्याच्या खोलीतली: जिन्यावरून.
काय जिने असतात एकेक.
डोळ्याखाली बुक्की मारतात,
मनगट पिरगळतात,
गळ्यावर पाच बोटांचे वळ उठवतात.
मी लिहीत गेले. रांग मोठी असते.

परवा रात्री पोलिसांनी एक पोरगा आणला.
आरोपी. सतरा वर्षं, मिसरूडही नीट फुटलेलं नाही.
ज्याला मारलं तो आत टेबलावर, चोवीस टाके.
याचा फक्त उजवा तळवा फाटलेला.
घामेजल्या मुठीत कोयता उलटा सरकतो,
धरणाऱ्यालाही कापतो; हे मला
या खिडकीत बसून कळलेलं.
सोमेश नामदेव खिलारे.
त्यानं पत्ता सांगितला आणि माझं पेन थांबलं.

पहाटे कपाटातून जुन्या वह्या काढल्या,
वाळवीनं कडा खाल्लेल्या.
अकरा वर्षं मागं,
ओलं होऊन वाळलेलं एक पान:
पद्मिन नामदेव खिलारे, वय सव्वीस, जबडा.
सोबत मुलगा, वय सहा. त्याला लागलेलं नाही.
डब्ल्यू दहा.
अक्षर माझं.

त्याला लागलेलं नाही,
हे कुणी विचारलंही नव्हतं.
मीच आपणहून लिहिलं होतं.

गोवर अंगावर यायला दहा दिवस.
पिसाळलेलं कुत्रं चावलं तर महिने, कधी वर्ष.
याला अकरा.
आणि मी तारीख टाकून पुढच्या दाराशी गेलेले.

सुट्टीच्या दिवशी त्या पत्त्यावर गेले.
गुडघे दुखत होते, म्हणून आधी जिनाच शोधला.
खोली जमिनीलगत. उंबरासुद्धा नाही,
पाणी आत येऊ नये म्हणून विटांची एक ओळ, बस.
दाराला कुलूप.

आज दुपारी एक आली. हिरव्या काठाची साडी,
तुटलेला दात रुमालात गुंडाळून आणलेला.
म्हणाली, जिन्यावरून.
मी डब्ल्यू काढला आणि पेन उचललं.
विचारलं, किती पायऱ्या आहेत, ताई?
ती मोजायला लागली. ओठ हलले,
चारपाशी थांबले, पुन्हा एकपासून हलले.
मागची रांग कुरकुरली. शिपाई म्हणाला, मॅडम, आवरा.
तिनं रांगेकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
‘बसू का जरा?’ म्हणाली.

मी आतली खुर्ची बाहेर दिली.